जयंतीच्या बक्षिसातली म्हैस

ज्या लेकराला अजून जोडाक्षर अडतं, त्याच्या हातात चारशे पानांचं चरित्र देऊन तुम्ही नेमकं कोणाचं कौतुक करता?

पिंगळीजवळच्या आमच्या गावात दर चौदा एप्रिलच्या जयंतीला हेच चालायचं. बक्षिसाचं पुस्तक घरी जायचं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून फडताळावर चढायचं. मी वाचायला शिकले ती सभा-मोर्चांत वाटलेल्या पत्रकांवर. मोठी अक्षरं, एका दमात संपणारा मजकूर. त्या एका पानानं माणसं पेटून उठताना मी पाहिली होती.

म्हणून यंदा मी जयंती समितीपुढं लहानांसाठी नवी पुस्तकं मांडली. पाण्याबाहेर यायला तयारच नसलेल्या म्हशीचं चित्रपुस्तक आणि एसटी चुकलेल्या दोन बहिणींची, छोट्या छोट्या प्रकरणांची गोष्ट.

"पानभर म्हैस अन् दोन ओळी? लोक हासतील," समितीचे अध्यक्ष आप्पा म्हणाले.

आमच्या विहारातली रीत अशी, की काहीही वाटायचं तर आधी सगळ्यांसमोर वाचायचं, मग ठरवायचं. रविवारी वंदनेनंतर आप्पांनीच म्हशीचं पुस्तक उचललं. पत्रक धरतात तसं तोंडासमोर धरलं, खणखणीत आवाजात वाचलं. बघता बघता संपलं. पोरं जांभया देत होती.

"बघ, झालं समाधान?" आप्पा म्हणाले. चरित्रांचा गठ्ठा पुन्हा येणार, हे मला दिसू लागलं.

तेवढ्यात पहिलीतली एक पोरगी उठून त्यांच्या पाठीमागं गेली, खांद्यावरून डोकावली आणि फिस्सकन हसली. "आप्पा, सगळी म्हैस तुमीच बघायलाव! आमच्याकडं करा की!"

आप्पांनी पुस्तक फिरवलं. पोरं सतरंजीवरून सरकत थेट त्यांच्या गुडघ्यांशी आली. म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर बगळा.

"थांबा, पान नका उलटू!"

"आमची बी अशीच हाय, लय हट्टी!"

आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या खेपेला म्हशीचा आवाज काढून. मागं बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बहिणींची गोष्ट चौथीतल्या एका मुलीनं उचलली ती सोडलीच नाही. पहिलं प्रकरण तिनं उभं राहून वाचलं. अडखळत, पण शेवटपर्यंत.

"ठरलं," आप्पा घसा खाकरत म्हणाले. "लहानांना हीच. चरित्रं मोठ्या पोरांना."

जयंतीला म्हैस घरोघरी गेली. एकही फडताळावर चढली नाही!

तुमच्या गावात जयंती असो, गणपती असो की शाळेचं संमेलन, बक्षिसं ठरवण्याआधी एक चित्रपुस्तक आणा. चित्रं लेकरांकडं करून मोठ्यानं वाचा, आणि मत त्यांचंच घ्या.