काचेवरची वाफ

आमच्या गल्लीत चष्मा करायचा तर चष्मेकाकांकडेच. ते माझे सख्खे काका, पण मीही त्यांना चष्मेकाकाच म्हणतो, कारण घरातसुद्धा ते माणसाकडे आधी चष्म्यावरून बघतात आणि मग ओळख देतात.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. चष्मा तयार झाला की तो तोंडाजवळ धरायचा, डोळे मिटून पार पोटातून ‘हाऽऽ’ करायचं, धुरकटलेली काच मऊ फडक्याने गोल गोल पुसायची आणि स्वतःच्या हाताने चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचा. हा ‘हाऽऽ’ झाल्याशिवाय एकही चष्मा दुकानाबाहेर पडत नसे. माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर समोर. मशीनच्या घरघरीतही मला तो ऐकू यायचा.

कोरोना आला तेव्हा काका हिरिरीने कामाला लागले. प्रत्येक फ्रेम साबणाच्या पाण्यात. काउंटर पूस, दाराची कडी पूस, आरसा पूस. गिऱ्हाईक उठलं की खुर्ची पूस. एकाने उठायला उशीर केला तर त्याचा गुडघाही पुसून झाला. आणि एवढं सगळं उरकल्यावर, त्या धुतलेल्या काचेवर मास्क खाली ओढून ‘हाऽऽ’.

मी म्हटलं, “काका, फ्रेमला आंघोळ घालता आणि वर तोंडची वाफ सोडता?”

“त्याशिवाय चकाकी येत नाही. तू तुझे कागद बघ.”

या पुसापुशीमागे काकू होती. तिला तिच्या भावाचं मूत्रपिंड बसवलं होतं. शरीराने ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी रोज गोळ्या, आणि त्या गोळ्या शरीराची राखणच थोडी सुस्तावून ठेवत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “लस घ्याच, पण तुमच्या अंगात ती इतरांइतकी लागू पडेल असं नाही. आजार तुमच्यापर्यंत येऊ न देणं हे घरच्यांचं काम.” घरचे म्हणजे एकटे काका. खाली दुकान, वर घर.

दुकानाच्या मागे डोळे तपासायची खोली होती. खिडकी नाही, दार बंद, पडदा ओढलेला, अक्षरांच्या तक्त्यावर तेवढा दिवा. एका दुपारी तिथे गणिताचे सर आले. निवृत्त झाले तरी आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचवणारे. मास्कमुळे तपासणीच्या काचा धुरकटायला लागल्या, म्हणून सरांनी मास्क उतरवला. त्यांनी उतरवला म्हणून काकांनीही. सरांनी तक्ता असा वाचला की “ट! प! ल!” मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं. मधेमधे खोकले. “काही नाही, पंख्याने घसा धरलाय.” शेवटच्या ओळीत नापास झाले, तक्त्याची छपाई चुकलीय असं बजावलं आणि गेले.

संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. सरांना कोरोना. सकाळी चाचणी दिली होती आणि निकाल येईपर्यंत वेळ जावा म्हणून ते चष्म्याला आले होते.

काका निवांत. “मला काय व्हायचंय? त्यांची फ्रेम साबणाने धुतली, हातही धुतले,” म्हणत जिना चढू लागले. तोवर मी गल्लीतून ओरडून काकूला सगळं सांगितलं होतं.

“अहो, जिन्यातच थांबा,” ती वरून म्हणाली.

“अगं, हात धुतलेत. कोपरापर्यंत.”

“श्वास धुतलात?”

काका आणखी एक पायरी चढले.

“काचेवर हाऽऽ करता तेव्हा काय दिसतं?”

“वाफ.”

“ती काचेवर पडली म्हणून दिसली. काच नसती तर कुठे गेली असती?”

काकांनी स्वतःच्या तोंडासमोर तळहात धरून पाहिला.

“त्या कोंडलेल्या खोलीत सर ओरडत होते, खोकत होते. त्यांच्या तोंडातलं सगळं तिथेच तरंगत राहिलं आणि तुम्ही ते आत ओढलंत. आणि फ्रेम धुताय!”

काकांना उलट्या पावली जिना उतरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते माझ्या दुकानावरच्या खोलीत राहायला आले. मी खाली कागदांच्या गठ्ठ्यांत झोपलो. त्यांची खिडकी आणि काकूची गॅलरी समोरासमोर. सकाळीच चाचणी करून आले आणि खिडकीतून कागद फडकवत म्हणाले, “काही नाही सापडलं! येऊ का?”

“इतक्या लवकर सापडतच नाही, डॉक्टर म्हणालेत. बसा तिथेच.”

“बघ रे,” काका मला म्हणाले, “स्वतःच्या घरात मला परवानगी लागते.”

दोन-चार दिवसांनी अंग मोडून ताप आला. साबणाचा वास येईना. दुसऱ्या चाचणीत कोरोना निघाला. दम लागत नव्हता, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसत होता, पण त्या दिवशी काका खिडकीत आले नाहीत. मी दाराबाहेर ताट ठेवलं तेव्हा आतून म्हणाले, “त्या दिवशी वर गेलो असतो तर, रे?”

“ताट गार होतंय, काका,” मी म्हटलं.

काकूच्या चाचणीत काही निघालं नाही. काका बरे झाले, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच घरी गेले आणि पहिलं काम म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीला कुलूप घातलं. खुर्ची दुकानाच्या दारात आली, तक्ता माझ्या भिंतीवर. अंतर नेमकं जमलं. पण गल्लीला तक्ता पाठ झाला. गिऱ्हाईक अडलं की भाजीवाली ओरडायची, “ल नव्हं हो, त! त म्हणा!” शेवटी मी अक्षरांची उलटापालट करून नवे नवे तक्ते छापू लागलो. कुणाची काच धुरकटली की काका म्हणत, “मास्कला नाकापाशी फट आहे. तिथून तुमचं बाहेर जातंय, दुसऱ्याचं आत येतंय. पट्टी दाबा.” काच आता पाण्याचा फवारा मारून पुसतात. सवयीने तोंड मात्र मास्कच्या आत अजून गोल होतं.

मग एका दुपारी काकू खाली उतरली. कितीतरी महिन्यांनी. भाजीवालीने आपण होऊन गाडी पुढे ढकलली, गल्ली रिकामी झाली. काकू शेवटच्या ओळीत अडली, पण कुणी अक्षर पुरवलं नाही. नंबर वाढला होता.

नवा चष्मा तयार झाला तेव्हा काकांचा हात मास्ककडे गेला, आणि थांबला. त्यांनी चष्मा आणि फडकं काउंटरवर ठेवलं, आणि मागे सरकले.

“घरी नेऊन तूच कर हाऽऽ. तुझ्या काचेवर दुसऱ्याचा श्वास नको.”

“हाऽऽ मीच करायचं, पुसायचंही मीच,” काकू म्हणाली. “मग तुम्ही दुकानात करता काय?”

“लांब उभा राहतो,” काका म्हणाले.