मागे कोणीतरी हवं

पेण आणि रोहा यांच्या दरम्यान जेवढी माणसं राहतात, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात एकदा तरी आमच्या मेव्हण्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून प्रवास केलेला आहे, आणि उरलेली निम्मी अजून रस्त्याच्या कडेला त्यांची वाट बघत उभी आहेत. यात अतिशयोक्ती असलीच तर पाच-दहा माणसांची असेल. मेव्हणे खरं म्हणजे माझ्या मावसभावाचे मेव्हणे. पण मावसभाऊ त्यांना चारचौघांत 'ओ मेव्हणे' अशी सणसणीत हाक मारायचा, ती हाक लोकांना आवडली, आणि बघता बघता हा गृहस्थ सगळ्या तालुक्याचा मेव्हणा झाला. कंपनीतले साहेबसुद्धा शिफ्ट सुरू होताना "मेव्हणे आले का?" असंच विचारायचे. त्यांचं खरं नाव काय, हे मला पुढे एका रॅलीचा फॉर्म भरताना कळलं, आणि ते मेव्हण्यांना मुळीच शोभत नव्हतं.

मेव्हण्यांचं घर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात, कंपनी नागोठण्याकडे आणि सासुरवाडी रोह्याला. त्यामुळे त्यांची शंभर सीसीची गाडी सदैव याच रस्त्यावर, आणि मागची सीट रिकामी ठेवून जाणं हे त्यांच्या लेखी पाप. कोणी चालताना दिसला की ब्रेक लागलाच. "बसा!" एवढंच म्हणायचं, कुठं जायचंय हे गाडी सुटल्यावर विचारायचं. एकदा एका म्हातारीला तिच्या बोकडासकट त्यांनी गडब गावापासून नागोठण्याच्या बाजाराला पोचवलं. म्हातारी मागे, बोकड मध्ये, आणि बोकडाने वाटेत मेव्हण्यांची कॉलर खाल्ली. "भूक लागली आसंल त्याला," एवढीच मेव्हण्यांची तक्रार. बायको, दोन पोरं, गॅसची टाकी आणि केळ्यांचा घड एवढा संसार ते रोह्याहून पेणला घेऊन यायचे, आणि गाडी सुतासारखी सरळ.

मागे बसणाऱ्याला एकच काम करावं लागे. हुंकार द्यावा लागे. मेव्हण्यांचं तोंड गाडीच्या आधी सुरू व्हायचं आणि गाडी बंद झाल्यावर बऱ्याच वेळाने थांबायचं. मिठागरात पाणी कसं फुटलं, कोणाच्या लग्नात मांडव कसा पडला, असं काहीबाही ते मान वळवून मागच्याला ऐकवत, आणि दर वाक्याला मागून "हूं" यावं लागे. हूं नाही आलं की करकचून ब्रेक. याला कारण होतं. लग्न झालं त्या वर्षी ते सासऱ्यांना घेऊन रोह्याहून पेणला निघाले, गडबच्या पुढे एका खड्ड्यात सासरे अलगद मागच्या मागे उतरले, आणि मेव्हणे त्यांना वडखळ येईपर्यंत म्हशीच्या खरेदीची हकिगत सांगत राहिले. सासऱ्यांना खरचटलंही नाही. मेव्हणे घामाघूम होऊन परत आले तेव्हा ते रस्त्याकडेच्या दुकानात चहा पीत बसले होते, आणि "मंग ती म्हस घेतली का नाय?" असं त्यांनी विचारल्याचं सांगतात. पण मेव्हण्यांनी मात्र धसका घेतला तो कायमचा. "हूं आलं नाय की मना वाटतं, मानूस पडला," ते म्हणायचे.

अशा माणसाला वाळवंटातल्या मोटारसायकल रॅलीत पाठवायचं, ही कल्पना अर्थातच आमची. आम्ही म्हणजे तिघं. पेणचा एक मूर्तिकार, रोह्याचा एक पोहे गिरणीवाला, आणि पेणच्या शाळेत भूगोल शिकवणारा मी. मूर्तिकाराच्या कारखान्यात, रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगेत बसून आम्ही चहा पीत होतो, आणि तिथे पडलेल्या एका मासिकात राजस्थानातल्या रॅलीची माहिती आणि फॉर्म छापला होता. तीन दिवस, नुसती वाळू, हौशी लोकांचा वेगळा गट. "मेव्हणे, भरा फॉर्म!" असं कोणीतरी म्हणालं. आम्ही पोट धरधरून हसलो. मेव्हणे हसले नाहीत. त्यांनी मासिक घडी करून खिशात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभे राहून मला म्हणाले, "मास्तर, फॉर्म विंग्रजीत हाय. भरून द्या."

मी म्हटलं, "मेव्हणे, गंमत केली हो आम्ही."

"मी नाय केली," ते म्हणाले. "आजवर सगल्यांना पोचवलं. कोनाला दवाखान्यात, कोनाला मांडवात. आपून स्वतःसाठी कुटं पोचलो, सांगा बघू?"

मी फॉर्म भरला.

वहिनींनी, म्हणजे मेव्हण्यांच्या मंडळींनी, परवानगी दिली ती एका अटीवर. "शेवटपर्यंत पोचलात तर ठीक. मधेच परत आलात तर ही गाडी दारात दिसायला नको. कंपनीच्या बसनी जायचं, गुमान." वहिनी रोह्याच्या, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मेव्हण्यांनी मान डोलावली. गाडी गेली तर नुसते मेव्हणेच नाही, निम्मा तालुका पायी होणार होता, आणि त्यात आम्ही तिघं पहिले. तेव्हा चेष्टा बाजूला ठेवून आम्ही कंबर कसली.

आता वाळवंट आणायचं कुठून? आमच्याकडे एक तर चिखल, नाही तर डोंगर. गिरणीवाला म्हणाला, माझ्याकडे आहे वाळवंट. त्याच्या गिरणीमागे वर्षानुवर्षांचा भाताच्या तुसाचा ढीग होता, चांगला दोन माणूस उंच. मेव्हण्यांनी लांबून वेग घेतला, तुसात घुसले, आणि दिसेनासे झाले. गाडीचा आवाज येत होता, पण तो ढिगाच्या नक्की कुठल्या भागातून येतो यावर आमचं एकमत होईना. शेवटी पलीकडून आधी हेल्मेट बाहेर आलं, मग मेव्हणे. पुढचे चार दिवस ते कंपनीत अंग खाजवत होते आणि गाडीच्या सायलेन्सरमधून तूस उडत होतं. पण महिन्याभरात ते त्या ढिगावरून उभ्याने, पायदानांवर पाय रोवून, गाडी पार न्यायला लागले. उन्हाची आणि तहानेची सवय हे माझं खातं. एप्रिलच्या भर दुपारी मी त्यांना स्वेटर आणि माकडटोपी घालून मिठागराच्या बांधावरून फेऱ्या मारायला लावल्या. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया काम सोडून बघत राहिल्या. "गो बाय, बघ गो," एक दुसरीला म्हणाली, "ह्याला उन्हात थंडी वाजतेय! ताप डोक्यात गेला वाटतं." आणि त्यांतल्याच एकीने मेव्हण्यांना बळंच थांबवून तांब्याभर पाणी पाजलं, त्यामुळे माझ्या तहानेच्या प्रयोगाचा त्या दिवशी बट्ट्याबोळ झाला.

खरी आफत पुढेच होती. आतापर्यंत आमच्यातलं कोणी ना कोणी नजर ठेवायला म्हणून त्यांच्या मागे बसत होतं. तुसात ते एकटे असायचे, पण तिथे तोंड उघडायची सोयच नव्हती. रॅलीच्या महिनाभर आधी आम्ही त्यांना गडबच्या सरळ रस्त्यावर लांब पल्ल्यासाठी एकटं सोडलं. मेव्हणे निघाले, शंभर पावलं गेले, मान मागे वळवली, आणि भाताच्या खाचरात उतरले. पुन्हा निघाले, पुन्हा मान, पुन्हा खाचर. तिसऱ्या वेळी शेताचा मालक कोयता घेऊन बांधावर येऊन उभा राहिला.

"काय होतंय काय, मेव्हणे?" गिरणीवाला ओरडला.

"मी बोलतो," मेव्हणे चिखल पुसत म्हणाले, "आन मागून हूं येत नाय. मंग बघावं लागतं ना, पडला का काय!"

"पण मागे कोणी नाहीच ना!"

"म्हाईत हाय हो. पन मान वळतेच."

आम्ही हतबुद्ध झालो. इतक्या वर्षांत हा माणूस एकटा असा गाडीवर बसलाच नव्हता. गप्प बसा म्हणावं तर गप्प बसून त्यांना डुलकी यायची. मूर्तिकाराने मागे मिठाचं पोतं बांधून बघितलं. गाडी जरा सरळ चालली, पण पोतं काही हूं म्हणेना. नियम तर स्पष्ट होता. गाडीवर स्वार एकच. त्या संध्याकाळी मेव्हणे गणपतींच्या रांगेत मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. बसचा पास काढतो." आमच्या एका गमतीने हा माणूस आपली गाडी घालवून बसणार होता.

तेव्हा मूर्तिकाराला एक युक्ती सुचली. त्याच्या भाच्याने मस्कतहून एक वॉकमन आणला होता, कॅसेटची बाजू आपोआप उलटणारा. आम्ही कोरी कॅसेट आणली, कारखान्याचं दार लावलं, आणि पाळीपाळीने टेपरेकॉर्डरसमोर बसून साठ मिनिटं हूं म्हटलं. नुसतं हूं पुरत नव्हतं. मधूनमधून "व्हय?", "मंग?", "आयला!", "आसं झालं व्हय!" असं पेरावं लागे, आणि मध्ये मेव्हण्यांना बोलायला जागा सोडावी लागे. पहिल्या बाजूला मी आणि मूर्तिकार; दुसरी बाजू गिरणीवाल्याने आपल्या गिरणीत बसून भरली. त्याच्या हुंकारांत मागे गिरणीचा आवाज आणि एक कोंबडा आहे. हेल्मेटच्या आत वॉकमनचे इअरफोन कानात घालून मेव्हणे गडबच्या रस्त्यावर निघाले, आणि नागोठण्यापर्यंत एकदाही मान न वळवता सरळ गेले. परत आले तेव्हा चेहरा फुलला होता. "मास्तर, तुमी एकदम बरोबर ठिकानी 'आयला' म्हनलं!"

राजस्थानात त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून मी आणि गिरणीवाला गेलो. खरं वाळवंट बघून भूगोलाचा मास्तर चाट पडला. शाळेत पंधरा वर्षं मी फळ्यावर जे काढत होतो, ते फार छोटं होतं. गाड्यांच्या तपासणीच्या वेळी एका अधिकाऱ्याने मेव्हण्यांच्या कानातलं आपल्या कानात घालून बघितलं. बराच वेळ ऐकून त्याने "ये कौन सा संगीत है?" असं विचारलं. "हमारे तरफ का शास्त्रीय है," गिरणीवाला गंभीरपणे म्हणाला. अधिकाऱ्याने ते आदराने परत केलं.

पहिले दोन दिवस झकास गेले. मेव्हणे संध्याकाळी तळावर येत, वाळूने माखलेले, आणि वाटेत कॅसेटला काय काय सांगितलं ते पुन्हा आम्हाला सांगत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले आणि आम्ही शेवटच्या रेषेशी जाऊन थांबलो. दुपारपासून एकेक गाडी यायला लागली. मोठ्या गाड्या आल्या, लहान आल्या, एक धडपडलेला पोरगा हात गळ्यात बांधून आला. मेव्हणे येईनात. वेळ संपायला अर्धा तास उरला, मग पंधरा मिनिटं. गिरणीवाल्याने पोह्यांचा डबा उघडला आणि न खाता बंद केला. मला कुठल्यातरी वाळूच्या खड्ड्यात मागे मान वळवून बघणारे मेव्हणे दिसत होते, आणि वहिनींना काय तोंड दाखवायचं ते सुचत नव्हतं.

आणि मग ते आले. लांबच्या टेकाडावरून एक ठिपका उतरला, सरळ रेषेत. वेग फार नव्हता, पण मान समोर, पाठ ताठ. त्यांनी रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात सहा मिनिटं शिल्लक होती. आम्ही दोघं वाळूत नाचलो; गिरणीवाल्याने एका परक्या अधिकाऱ्याचा मुकासुद्धा घेतला. यादीत मेव्हण्यांचं नाव सगळ्यांत शेवटी होतं, पण होतं.

हेल्मेट काढलं तेव्हा मला दिसलं, वॉकमनमधून कॅसेटची पट्टी बाहेर येऊन शर्टाभर गुंडाळली होती.

"अहो, ही कधी अडकली?"

"सकालीच," मेव्हणे म्हणाले. "निघाल्या निघाल्या."

"मग दिवसभर बोललात कोणाशी?"

"कोनाशीच नाय." त्यांनी शर्टावरची पट्टी सोडवायला घेतली. "पयल्यांदा जाम भ्यालो. दोन वेला पडलो. मंग गप झालो. मास्तर, एवढा गप मी जन्मात कधी नव्हतो. कोनी मागं नाय, कोनी पडायचं भ्या नाय. लई बरं वाटलं हो."

पेणला परत आल्यावर ढोलताशे वाजले, वहिनींनी गाडीला हार घातला, आणि पुढच्या गणेशोत्सवाला मूर्तिकाराने मोटारसायकलवर बसलेला गणपती काढला, मागच्या सीटवर उंदीर. आठवडाभर मेव्हण्यांच्या डोक्यावरून रॅलीत मिळालेली टोपी उतरली नाही. सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं, आणि ते आम्हीच केलं याचा मला अजून अभिमान वाटतो.

तरी एक बदल झाला. मेव्हणे आता रविवारी सकाळी एकटेच गाडी काढतात आणि खाडीच्या बाजूने कुठंतरी जाऊन येतात. कुठं जाता म्हणून विचारलं तर "कुटं नाय, आसंच" म्हणतात. वाटेत कोणी दिसला तर अजूनही थांबतात, "बसा" म्हणतात, दारापर्यंत सोडतात. माणूस तोच, तितकाच मायाळू. फक्त गाडीवर ते बोलत नाहीत. माणसाला हवं ते मिळालं की आनंद व्हावा, आणि मला तो होतो. पण त्या बडबडीवाचून रस्ता फार लांब वाटायला लागला आहे, हेही खरं.

मागच्या महिन्यात मला रोह्याला जायचं होतं, त्यांनीच पेणहून मागे घेतलं. वडखळ गेलं, गडब गेलं, नागोठण्याचा पूल गेला. मेव्हणे गप्प. शेवटी न राहवून मी म्हटलं, "मेव्हणे, सांगा की काहीतरी."

"आता तुमीच सांगा, मास्तर," ते समोर बघत म्हणाले. "मी ऐकतो."

मग मी सांगायला लागलो. शाळेचं सांगितलं, घरचं सांगितलं, लहानपणचं सांगितलं. निडीचं स्टेशन आलं तेव्हा माझ्याजवळचं सगळं संपलं होतं, आणि रोहा अजून लांब होतं.