दातात धरलेली पट्टी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या नर्सिंग कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. मी परीक्षक म्हटलं की पोरींच्या तोंडचं पाणी पळतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या उन्हाळ्यात कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुरुळीत, एका चाळीत रुग्णाच्या घरीच, शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पट्टी विद्यार्थिनीनं बांधायची नव्हती, रुग्णाकडून त्याची त्यालाच बांधून घ्यायची होती. त्यानं बांधली तर ती पास, नाहीतर सहा महिने वाया. रुग्ण परभणीकडचा, कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरचा कामगार. उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली चेचली गेली होती. बायको सकाळच्या शिफ्टला गेली की घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे पट्टी बदलायची राहून जायची आणि जखम दोनदा चिघळली होती. आणखी एकदा चिघळली तर मनगटापासून हात काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पोरगी किरकोळ, घुमी. ही काही निभावत नाही, असं मी मनात धरूनच बसले होते. तिनं जखम धुतली, औषध लावलं, मग स्वतःच्या हातावर करून दाखवलं. पट्टीचं टोक दातात धरायचं, डाव्या हातानं वेढे घ्यायचे, ओढून गाठ मारायची. आता तुम्ही करा, म्हणून तिनं पट्टी त्याच्यापुढं धरली.

त्यानं स्टीलचा ट्रे उचलला आणि तिच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात, गालावरून ॲप्रनवर. तो लाथेनं स्टूल उडवून पुन्हा तिच्या अंगावर गेला. मी कधी उठले ते मला कळलं नाही. मी त्याची गचांडी धरली, त्याला भिंतीवर आदळलं आणि मुस्काटात भडकावली. दुसरी मारायला हात उचलला, तो त्या पोरीनं मनगटापाशी पकडला.

"मॅडम, बसा. माझी परीक्षा अजून चालू आहे."

मी बसले. तिनं एका हातानं भुवईवर गॉज दाबून धरला आणि त्याला शांतपणे विचारलं, पट्टी बघून काय झालं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि सांगू लागला.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाहीत. टार्गेट गाठायला पोरं एक बटण दाबलेलंच राहील असं चिंधीनं बांधून टाकतात, म्हणजे एका हातानं भागतं. मशीन बिघडलं होतं, असं तो कंपनीत आणि बायकोला सांगत आला होता.

"चिंधी म्याच बांधली व्हती ताई," तो म्हणाला. "आशीच. दातात धरून."

तिनं त्याची समजूत घातली नाही. माझाही आत्ता एकच हात मोकळा आहे, दोघं मिळून करू, एवढंच म्हणाली. रक्त गळत असताना, गॉज धरलेल्या हाताभोवती गुंडाळायला तिनं दातात पट्टी धरली. त्यानंही धरली. त्याची गाठ दोनदा सुटली, दोनदा त्यानं आईवरून शिवी हासडली. तिसऱ्यांदा गाठ बसली. तिच्या भुवईला नंतर चार टाके पडले.

मी तिला पैकीच्या पैकी दिले. परीक्षकानं काय केलं, ते लिहायला गुणपत्रिकेत रकाना नव्हता. असता तरी मी तो भरला नसता.

आठवड्यानं जखम बघायला मी एकटीच गेले. दार त्यानंच उघडलं. पट्टी स्वच्छ, घट्ट, गाठ बरोबर जागेवर. बघू, म्हणून मी हात पुढे केला आणि त्यानं झटकन मान मागे घेऊन तोच पट्टीचा हात तोंडासमोर आडवा धरला. माझी मला लाज वाटली. मी हात खाली घेतला.

"त्या ताई न्हाई आल्या का?" त्यानं हाताआडूनच विचारलं.