काशाची वाटी आणि डावी टाच

नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, हे शुभदाताई खांबेट्यांना कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. दिवेलागणीला केर काढू नये हे जसं आपोआप येतं, तसंच ते आलं होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी सात वाजता श्रीपादराव काशाची वाटी घेऊन त्यांच्या पायांशी बसायचे, तेव्हा डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांचं दार आतून लावलेलं असायचं. खिडकीचे पडदेसुद्धा ओढलेले. शेजाऱ्यांना वाटायचं, खांबेटे मंडळी पूजापाठाची फार.

शुभदाताईंच्या तळपायांची आग व्हायची, त्यावर हा घरगुती उपाय. तूप लावून वाटीने घासलं की तळवे काळे पडतात. ती अंगातली उष्णता बाहेर आली, असं शुभदाताईंचं ठाम मत. श्रीपादरावांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात चौतीस वर्षं घालवलेली. ते म्हणायचे, "अगं, ते धातूचं काळं. उष्णता कसली!" पण घासायचे मात्र मन लावून. शुभदाताई संकोचाने डोळे मिटून घ्यायच्या आणि पाचव्या मिनिटाला चक्क घोरायला लागायच्या. शेवटी ओल्या कापसाने तळवे पुसले जात आहेत एवढं अर्धवट कळायचं. "पुसता कशाला? राहू दे ना," त्या पुटपुटायच्या. "झालं हं, झोप तू," असं उत्तर यायचं. मूलबाळ झालं नव्हतं. एवढं कुणी आपल्याला जपतं, हे सांगायला घरात तिसरं माणूस नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ते मेल्या सांगितलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी श्रीपादरावांच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर माणसं पांगली. सात वाजणं काही थांबलं नाही.

शुभदाताईंचा गुडघा वाकत नाही. त्यांनी पाटावर वाटी पालथी घालायची, खुर्चीत बसायचं आणि तिच्यावर तळवा घासायचा, अशी युक्ती काढली. दार आता उघडंच असायचं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय आपला असतो, पण तळवा आपल्याला दिसत नाही, दुसऱ्या कुणालातरी तो दिसावा लागतो. ही गोष्ट एकट्या माणसाच्याच लक्षात येते, आणि तीही उशिरा.

मार्चमध्ये ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये त्वचा तपासणीचं शिबिर भरलं. शुभदाताई गेल्या त्या कोपरावरच्या खाजेसाठी. ठाण्याच्या खोपट भागातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली हेमांगी नावाची मुलगी तिथे मोबाइलला छोटं भिंग लावून बसली होती. भिंगातून फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरला द्यायचा. कॉम्प्युटर तो डाग तपासून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवायचा. लाल म्हणजे कॅन्सरची शंका, डॉक्टरांकडे आधी जायचं. खाज हिरवी निघाली.

"काकू, आता तळपाय दाखवा."

"तळपाय कशाला? मला कोपराचं होतं."

"आपल्याकडे हा कॅन्सर बऱ्याचदा तळपायालाच होतो, आणि तिथेच कुणी बघत नाही. चप्पल काढा ना."

परक्या मुलीसमोर तळवा करायचा म्हणजे शुभदाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेमांगीने फोटो काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. कॉम्प्युटरने सबंध तळव्याला लाल रंग दिला होता.

"काय लावलेलं काकू पायाला?"

"काशाची वाटी. रोज लावते."

"तरीच. तळव्यावर बारीक रेषा असतात ना, त्यांच्या उंचवट्यावर काळा रंग दिसला की हा कॉम्प्युटर घाबरतो. वाटीचं काळंही तिथेच बसतं. फसला बिचारा. कोण लावून देतं?"

"मीच लावते," शुभदाताई घाईघाईने म्हणाल्या. "पहिल्यापासून मीच."

हेमांगीने पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला लागली. दोन वर्षांत त्या पायाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. शुभदाताई उगाच समोरच्या कॅलेंडरवरच्या सुट्ट्या वाचत बसल्या. तीन बोळ्यांत सगळं काळं उतरलं. डाव्या टाचेवर शर्टाच्या बटणाएवढा एक डाग मात्र तसाच राहिला.

या वेळी कॉम्प्युटरने पिवळा रंग दाखवला. म्हणजे त्याला नक्की सांगता येत नव्हतं.

"हा कधीपासून आहे?"

"वाटीचंच काळं असेल."

"वाटीचं असतं तर निघालं असतं, काकू. आधी लहान होता का? जुना फोटो मिळाला तर बघा. जन्मापासून एवढाच असेल तर फारशी भीती नाही, पण वाढत असेल तर काढून टाकायला लागेल. मंगळवारी खोपटला या."

"टाचेचा फोटो कोण काढतं, बाई?" शुभदाताई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत कॅन्सर हा शब्द त्यांच्याबरोबर चालत होता. सात वाजले. पाटावर वाटी होती. दोन वर्षं आपण जे काळं उष्णता समजून घासत राहिलो, त्यात रोगही घासत राहिलो की काय, हे विचारायचं तरी कुणाला? त्यांनी वाटी फडताळात ठेवली. मग बराच वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. मरणाची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की टाचेवर एवढं मोठं बटण उगवलं आणि ते आपल्याला एका परक्या मुलीने सांगावं.

गणपतीपुळ्याला वाळूत काढलेला एखादा फोटो सापडेल, म्हणून त्यांनी श्रीपादरावांचा बंद पडलेला मोबाइल चार्जिंगला लावला. या माणसाला प्रत्येक गोष्टीला नाव देऊन ठेवायची सवय. वीजबिल, गणपतीपुळे, गॅस. त्यांच्या खाली एक फोल्डर होतं, 'टाच'.

आत एकतीस फोटो होते. प्रत्येकात तीच डावी टाच, स्वच्छ पुसलेली, आणि शेजारी श्रीपादरावांची सहा इंची स्टीलची पट्टी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारचा एक फोटो. पहिल्या फोटोच्या मागोमाग, तो दाखवून डॉक्टरांकडून आणलेल्या चिठ्ठीचाही फोटो होता. 'तीळ साधा वाटतो. लक्ष ठेवावे. आकार बदलल्यास दाखवावे.' शेवटचा फोटो ते गेले त्याच्या अकरा दिवस आधीचा. एकतीसही फोटोंत तो तीळ मसुराएवढाच होता.

शुभदाताईंना आधी आला तो राग. मला न सांगता, मी झोपलेली असताना, माझ्याच पायाचे फोटो! सांगितलं असतं तर मी घाबरले असते, म्हणून नाही सांगितलं, हेही त्यांना कळलं, आणि मग त्या पदरात तोंड खुपसून रडल्या. ओला कापूस कशासाठी होता ते आज समजलं होतं. बत्तिसाव्या फोटोपासून पुढे लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं.

मंगळवारी रेल्वे स्टेशनचे जिने चढायला नकोत म्हणून त्या शीळफाट्यावरून जाणाऱ्या बसने ठाण्याला गेल्या. हेमांगीने एकतीस फोटो कॉम्प्युटरला दिले, पट्टीवरून त्याने मापं काढली, आणि त्यांच्यापुढे शिबिरातला फोटो ठेवला. अडीच वर्षं चार मिलिमीटर, आणि आता नऊ. स्क्रीन लाल झाली. डॉक्टरांनी स्वतः भिंग लावून बघितलं आणि डाग काढून तपासायला पाठवायचं ठरवलं.

"असे फोटो आम्हालाही जमत नाहीत," हेमांगी म्हणाली. "ज्यांनी काढलेत त्यांनाच ऑपरेशनला सोबत घेऊन या ना."

बाहेर तीन पेशंट बसले होते, दार सताड उघडं होतं.

"माझे मिस्टर काढायचे," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम खाली आणला नाही. "रोज माझे पाय मांडीवर घेऊन वाटी लावायचे. परवा तुला खोटं सांगितलं मी. ते नाहीत आता."

ऑपरेशनच्या कागदावर सोबतच्या नातेवाइकाचा रकाना होता. तो त्यांनी कोराच ठेवला.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण वरवरचा, सगळाच्या सगळा निघाला होता. वर्षभर उशीर झाला असता तर वेगळं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता वाटी बंद, आणि दर महिन्याला दोन्ही तळव्यांचे फोटो पाठवायचे.

टाच भरून आल्यावर पहिल्या रविवारी शुभदाताईंनी श्रीपादरावांचा मोबाइल पाटावर वाटीला टेकवून ठेवला, टायमर लावला, पट्टी धरली आणि पाय उचलला. पहिल्या फोटोत पंखा आला, दुसऱ्यात साडीचा काठ. सातव्यात अर्धी टाच आली, पण पट्टी उलटी. शेजारच्या रुचिताला हाक मारली असती तर ती धावत आली असती, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात मारू, त्या मनाशी म्हणाल्या.

हेमांगीला पाठवायला त्यांनी आणखी दोन बरे फोटो काढले. सातवा मात्र 'टाच'मध्येच राहू दिला, एकतिसाव्याच्या शेजारी. मग सात वाजले, तेव्हा त्यांनी उठून, श्रीपादराव असताना लावलेलं असायचं तसं, दार आतून लावून घेतलं.