जाते म्हणायचं नाही

निशांत, रेवा,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मोठ्याई कशी आहे?" आणि मी "बरी आहे" म्हणून मोकळी झाले. दिवाळीत तुम्ही येणार, तिला भेटायला अकोल्याला जाणार. त्याआधी तुम्हाला खरं काय ते कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली. तेव्हापासून लग्नापर्यंत मी अकोल्याला तिच्याकडेच वाढले.

तिचं बोलणं भांडल्यासारखं. दारात पाहुणा दिसला की विचारायची, "काहून आला बाप्पा? रस्ता चुकला का?" तुमच्या आजोबांच्या पुण्याच्या मामी हे ऐकून हातातली पिशवी खाली न ठेवता उभ्याच राहिल्या होत्या. तोवर आतून फोडणीचा वास आला आणि पाठोपाठ हिचा आवाज, "बसत काहून नाई? पाय भाड्याचे आनले का?"

एक शब्द मात्र तिच्या घरात चालत नसे. निघताना कुणी "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. तसं सगळ्याच घरांत म्हणतात, पण मोठ्याई दार अडवायची. बांगड्यावाले रहमानचाचा टोपली उचलून "जाता हूँ, बाई" म्हणाले की ही उंबऱ्यात उभी. "जातो म्हनसान तं बसा इथंच. जाते ते मढं. जितं मानूस येते." चाचा हसत म्हणायचे, "आता हूँ, बाई, आता हूँ. तुमच्या घरून निघाचं म्हनजे उलटंच बोला लागते."

माझ्या पाठवणीला मी रडत रडत "जाते गं" म्हणाले. रडत तीही होती, पण आधी तिने डोळे पुसून मला सुधारलं. पुढे मी कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, निरोपाचे कितीतरी शब्द शिकवले. घरातून निघताना "जाते" मात्र कधी तोंडातून आलं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा, माझा दादा, गेला. वहिनीच्या गुडघ्यांना तिला उठवणं-बसवणं झेपेना, म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मी अमरावतीला आणते म्हटलं असतं, पण आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्यात आता मलाच कुणाचा तरी हात लागतो. जागा स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत. मी दर गुरुवारी बसने जाते. ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारते. मी ओ देते.

एकदा तिथल्या लताबाईंनी मला बाजूला घेतलं. "काकू, तुमी 'येते' म्हनून निघता ना, त्या मंग दाराशी खुर्ची टाकून बसतात. ताट नेलं तं म्हनतात, ते येऊन राहिली, तिच्यासंगं जेवतो. दुसऱ्या दिवशीबी तेच. वजन उतरून राहिलं त्यांचं. तुमी सरळ 'जाते' म्हना."

मी आधी दुसरे उपाय केले. "पुढच्या गुरुवारी येते" म्हणून पाहिलं. आज वार कोणता हेच तिला कळत नाही, तर पुढचा गुरुवार कुठला कळायचा? एकदा ती झोपलेली असताना निघाले, तर उठल्यावर तिने मला खोल्याखोल्यांतून शोधलं. पलंगाखालीही वाकून पाहिलं म्हणे.

मग मागच्या गुरुवारी लताबाई ताट घेऊन आल्या तेव्हा मी पर्स उचलली. "मोठ्याई, मी जाते."

म्हणून झाल्यावरही मी उभीच राहिले. ती रागवेल, असं वाटत होतं. तिने रागवावं, असंच वाटत होतं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "जाय," म्हणाली. "बस निघून जाईन." आणि ताट पुढे ओढलं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. संध्याकाळी लताबाईंचा फोन आला. आनंदात होत्या. "काकू, आत्ताबी जेवल्या. दाराकडे गेल्याच नाईत." मी म्हटलं, बरं झालं.

तर मोठ्याई अशी आहे. ज्वारीची अर्धी भाकर वरणात कुस्करून दिली की खाते. दोन्ही वेळा खाते.