सतरा नंबर हजर

मला आळशी मुलांचा कधी राग आला नाही. राग यायचा तो उशिरा येणाऱ्यांचा. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. तिरोड्याहून बोदलकसाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले होते आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. मी गोंदिया शहरात वाढलेली, घड्याळावर चालणारी. गावातली मुलं मार्चमध्ये मोहावर चालायची. मोहाची फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि त्यासाठी अख्खं घर अंधारातच रानात जातं. नेमकी त्याच दिवसांत सकाळची शाळा सुरू होते. सातला प्रार्थना.

छडी हातात धरायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. छडीऐवजी मी टाळ्या आणल्या. वेळेवर आलेल्यांसाठी सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. उशिरा आलेल्यांनी हात मागे बांधून दारात उभं राहायचं, पहिला तास संपेपर्यंत. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला वाटे, केवढी सुधारलेली बाई मी. आज ते दार आठवलं तरी मान खाली जाते.

त्या दारात सगळ्यांत जास्त उभी राहिली ती सतरा नंबरची मुलगी. हजेरी मी नंबरानंच घ्यायचे. घरी धानाची थोडी जमीन, बाप उन्हाळ्यात कामाला बाहेरगावी, त्यामुळे मोह वेचायला आई आणि ही. तिच्या हातांना मोहाचा गोड, आंबूस वास यायचा, बोटं चिकट असायची. एकदा माझा तोल सुटला. मोह शिकवतो का तुला पाढे, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. वर्ग खो खो हसला. ती पाटीकडे बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

मग मला कळवळा आला. माझा कळवळाही माझ्या रागासारखाच, घाईचा. त्या काळी महिन्यातले ऐंशी टक्के दिवस भरले तर मुलाला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. धानाच्या मुलखात तीन किलोचं काय कौतुक, असं शहरात कुणीही म्हणेल. पण मार्चपर्यंत लहान घरांतल्या कोठ्या तळाला गेलेल्या असतात. तिचा एकच दिवस कमी पडत होता आणि महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. हेडमास्तर तांदळाची यादी करायला हजेरीबुक लवकर मागत होते. सोळा नंबरनं हजर म्हटलं. पुढे शांतता. येईलच ती, नेहमीसारखी उशिरा, असं मनाशी म्हणून मीच मोठ्यानं म्हणाले, "सतरा नंबर हजर," आणि खूण करून बुक पाठवून दिलं. केवढं पुण्य केल्यासारखं वाटलं तेव्हा.

पहिला तास संपला, ती आली नाही. दुसऱ्या तासाला मी फळ्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघत होते. एरवी गैरहजर मुलाच्या घरी वर्गातल्या दोघा मुलांना विचारायला पाठवायचे. त्या दिवशी पाठवलं नाही, कारण कागदावर ती वर्गात होती. आता ऑफिसात जाऊन खोडते म्हटलं तर हेडमास्तर काय म्हणतील, तिचा तांदूळ जाईल, माझी नोकरी नवी, असं सगळं मनात घोळवत मी साडेअकरा वाजवले. शाळा सुटली. मी वर्गाला कुलूप लावलं.

बाराच्या सुमारास, मी आणि हेडमास्तर अजून ऑफिसातच होतो तेव्हा, तिची आई आली. पोरगी घरी आली नाही, म्हणाली. मोहापासून तिनं तिला सहा वाजताच शाळेकडे पाठवलं होतं, फुलांची टोपली स्वतः घरी नेली होती. हेडमास्तरांनी हजेरीबुक उघडलं, माझ्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हजर होती. शाळा सुटल्यावर गेली असेल पोरींबरोबर." शाळा सुटल्यावर मुलं कुठे जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर बोडी होती. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. उन्हाळ्यात पोरं तिथे डुंबायची.

सगळे बोडीकडे धावले. मीही धावले. काठावर कुणाचेही कपडे नव्हते, तरी तीन माणसं पाण्यात उतरली. छातीभर पाण्यात ती माणसं पायांनी तळ चाचपत होती. एखाद्याचा पाय कशाला तरी अडखळला की तो थांबायचा, आणि काठावरची आई मटकन खाली बसायची, पुन्हा उठायची. मला माहीत होतं की मुलगी साडेअकराला शाळेतून निघालेलीच नाही. सकाळपासून सहा तास ती कुठेतरी होती आणि आम्ही तिला चुकीच्या जागी, चुकीच्या वेळेपासून शोधत होतो. तरी मी काठावर नुसती उभी होते. दुसऱ्यांदा एक माणूस पाण्यात थांबला तेव्हा मात्र राहवलं नाही.

"ती शाळेत आलीच नव्हती," मी म्हणाले. "हजेरी मी अशीच लावली."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं त्यात सगळं आलं. आईनं पदर खोचला, जंगलाच्या कडेला एक कुणाचाच नसलेला मोह आहे, तिकडे गेली असेल, एवढं सांगितलं आणि चालायला लागली. मागच्याच आठवड्यात शेजारच्या गावात मोहाखाली एका म्हाताऱ्याला अस्वलानं ओरबाडलं होतं. मोहाला माणसाइतकंच अस्वलही सोकावलेलं असतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि दोघींनीही उच्चारलं नाही. दोन माणसं काठ्या घेऊन पुढे निघाली. आई अनवाणी, शेताच्या तापलेल्या धुऱ्यावरून भराभर. मी चपला असून मागे पडत होते. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं, त्यातलं निम्मंही पुढे पाळलं नाही.

मोहाखाली मुलगी आडवी पडलेली दिसली. फ्रॉकचा घोळ फुलांनी भरलेला, तोंडावर माश्या. आईनं धावत जाऊन तिला गदागदा हलवलं. मुलगी डोळे चोळत उठली आणि आधी सांडलेली फुलं गोळा करू लागली. झोप लागली होती, बस. आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला पोटाशी धरून रडायला लागली. मीही रडले, लाज न बाळगता.

मग मुलीनं मला पाहिलं. आईच्या मिठीतून सुटून ती उभी राहिली आणि तिनं हात मागे बांधले. भर रानात, वर्गाच्या दारात उभी राहावी तशी. शाळेत का आली नाहीस, मी विचारलं. आवाज चढलाच, भीती सरली की माझा राग आधी बाहेर पडतो.

"आली होती ना बाई," ती म्हणाली. "पराथना झाली होती म्हनून खिडकीपाशी उभी रायली. तुमी म्हनलं, सतरा नंबर हजर. मंग मी आत कायले येऊ?"

काठीवाल्यांपैकी एकाला हसू आलं. तिची शाळा त्या दिवशी मीच भरून टाकली होती. तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

परतताना मी आईची माफी मागितली. यादीतून नाव काढावं लागेल, तांदूळ मिळणार नाही, हेही सांगितलं. ती मुलीचा हात घट्ट धरून चालत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

"तांदूळ नाई भेटला त चालते, बाई. पोरगी नाई आली त नाई आली लिहत जा. मंग कोनीतरी विचाराले त येते, पोरगी कुठी आहे म्हनून."