आईच्या खोलीतला डिमर

आज दुपारी आईच्या खोलीत डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचं बटण, बसवला. शेवटच्या आजारात तिला उजेड सहन व्हायचा नाही, म्हणून शहागंजच्या बाजारातून आणला होता. ती गेली, डिमर डब्यातच राहिला.

भाऊ म्हणाला, "ताई, आता कशाला बसवायलीस?" मी डबा उघडला.

मेन बंद केला. कुणी चुकून चालू करू नये म्हणून वडिलांना तिथंच उभं केलं. टेस्टर पेटत नाही हे पाहून वायरी जोडल्या, डिमरवर चालणारा बल्ब लावला. रडू वगैरे आलं नाही.

वडील मेन चालू करून दारात आले. मी उजेड कमी केला.

रिकाम्या पलंगाकडं बघत ते म्हणाले, "अजून जरा कमी कर गं. झोपू दे तिला."

मी केला. दिवा अजून तसाच चालू आहे. तुम्ही बंद केला असता का?